मरहुमाला उसना शेर

आपल्याकडे माणूस मेला की दोन निरोप ताबडतोब जातात. एक कब्र खोदणाऱ्याला आणि दुसरा फ्लेक्सवाल्याला. कब्र खोदणारा मय्यतीची उंची विचारतो, अंगाने कसा होता ते विचारतो आणि मगच कुदळ मारतो. फ्लेक्सवाला काहीच विचारत नाही. त्याच्या कॉम्प्युटरमध्ये फाईल तयार असते. फोटो बदलायचा, नाव बदलायचे, तारीख बदलायची. खाली 'खिराज-ए-अकीदत' असते, तेही निम्म्या वेळा चुकीचे छापलेले, आणि त्याखाली शेर. तो शेर मागच्या महिन्यात गेलेल्या नगरसेवकाला होता, त्याआधी गेलेल्या हाजीसाहेबांना होता आणि आता आमच्या झेडपीच्या शाळेतून निवृत्त झालेल्या गुरुजींना आहे. कब्र मापाची आणि शेर उसना, असा हा व्यवहार आहे. त्याविरुद्ध आम्हाला चार शब्द बोलायचे आहेत.

हा शेर कोणता ते वाचकांना सांगायला नको. दहापैकी सात वेळा तो इकबालांचा, नरगिसच्या फुलाचा असतो. शोकसभेत पहिला वक्ता तो म्हणतो, दुसऱ्यालाही तोच म्हणायचा असतो म्हणून तो थोडा नाराज होतो आणि तिसरा 'आत्ताच शायराने म्हटल्याप्रमाणे' अशी सुरुवात करून पुन्हा तोच म्हणतो. पण तो शेर मृत्यूवरचा नाहीच. 'तुलू-ए-इस्लाम' या नज्ममधला तो शेर आहे. पहिल्या महायुद्धानंतर तुर्कांनी पुन्हा उभारी धरली, त्या वातावरणात ती लिहिली गेली आणि १९२४ च्या 'बांग-ए-दरा' या संग्रहात आली. ती नज्म जागे होण्याची आहे. त्यातला तो शेर डोळस माणूस किती दुर्मीळ असतो याबद्दल बोलतो. कुणाच्या मय्यतीशी त्याचा संबंध नाही.

आणि गंमत म्हणा किंवा दुर्दैव म्हणा, त्याच संग्रहात मृत्यूवरची एक अस्सल कविता आहे. इकबालांची आई १९१४ साली गेली. तिच्यावर त्यांनी 'वालिदा मरहूमा की याद में' ही दीर्घ कविता लिहिली. युरोपातून शिकून आलेला, मोठा तत्त्वज्ञ म्हणून मिरवणारा मुलगा आईच्या कब्रीपुढे पुन्हा लहान पोर होतो, असा तिचा भाव आहे. ती कविता आमच्या एकाही शोकसभेत आम्ही ऐकलेली नाही. कारण ती वाचावी लागते. नरगिसचा शेर वाचावा लागत नाही, तो फेकता येतो.

म्हणजे आमचे भांडण उर्दूशी नाही, हे आधीच स्पष्ट करतो. उर्दूची मर्सिया-परंपरा ही जगातल्या शोककाव्याच्या मोठ्या परंपरांपैकी एक आहे. मीर अनीस आणि मिर्झा दबीर यांनी लखनौत तिला शिखरावर नेले. हालींनी आपल्या उस्तादावर, गालिबवर मर्सिया लिहिला. ज्याच्या घरात उर्दू नांदते, जो उर्दूत हसला-रडला, त्याच्या शोकसभेत उर्दू कविता वाचली जावी, त्यात वाद काय? आमचा सवाल दुसरा आहे. ज्याने आयुष्यभर मराठीत फळ्यावर लिहिले, मराठीत सातबारा वाचला, मराठीत भांडण केले आणि मराठीत माफी मागितली, त्याला मेल्याबरोबर लखनौला का पाठवता?

आकडे पाहा. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात मुसलमान सुमारे १ कोटी ३० लाख होते. मातृभाषा उर्दू असे सांगणारे सुमारे ७५ लाख. उरलेल्या पन्नासेक लाखांत हिंदी, गुजराती, कोकणी बोलणारे असतील, पण मराठी ही मातृभाषा म्हणून सांगणारेही त्यातच आहेत. आणि ज्यांनी 'उर्दू' सांगितले, त्यातल्या किती घरांत खरोखर उर्दू बोलली जाते? सोलापूर, सांगली, सातारा, उस्मानाबाद (आताचे धाराशिव) या पट्ट्यात आमच्या घरांत जी बोली चालते ती दखनी आहे. मराठीच्या मांडीला मांडी लावून वाढलेली. तिला लखनौवाले उर्दू मानत नाहीत आणि पुणेवाले मराठी मानत नाहीत. दखनीतही मर्सिया आहे आणि तो लखनौपेक्षा जुना आहे. शाह अश्रफ बियाबानींचे 'नौसरहार' हे करबलावरचे काव्य १५०३ चे मानले जाते. गोवळकोंड्याच्या मुहम्मद कुली कुतुबशहाने सोळाव्या-सतराव्या शतकाच्या सांध्यावर मर्सिये लिहिले. अनीस-दबीर जन्मले ते एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला. आणि आमच्या गावोगाव ताबुतापुढे रिवायती गायल्या गेल्या, त्या मराठी वळणाने, शेजारच्या मराठा आणि मातंग गड्यांच्या गळ्यातून. करबलाचे दुःख मराठीत सांगता येते हे ज्यांनी चारशे वर्षांत सिद्ध केले, त्यांच्या नातवांना स्वतःच्या बापाचे दुःख मराठीत सांगता येऊ नये?

इथे एक शोकसभा सांगतो. गावाचे नाव नको. मरहूम तीस वर्षे मराठी शिकवत होते. तालुक्यातले निम्मे तलाठी आणि ग्रामसेवक त्यांच्या हाताखालून गेले. व्याकरणाची चूक त्यांना सहन होत नसे, लग्नपत्रिकेत 'आपली उपस्थिती प्रार्थनिय' असे छापून आले की ते लाल शाईने वेलांटी दुरुस्त करून पत्रिका परत पाठवत. अशा माणसाच्या शोकसभेत अकरा वक्ते बोलले आणि अकरांनी शेर म्हटले. सात आपले होते. चार हिंदू होते, त्यांचे सहकारी आणि विद्यार्थी. सातांचे आम्ही समजू शकतो. मुसलमानाच्या मृत्यूला भारदस्तपणा यायचा तर उर्दूच पाहिजे, असे त्यांच्या मनावर लहानपणापासून बिंबवले गेले आहे. पण त्या चारांचे काय? ते तर मराठीचे शिक्षक. एरवी कुणी सहकारी गेला तर हीच माणसे तांब्यांच्या, कुसुमाग्रजांच्या कविता म्हणतात. इथे मात्र प्रत्येकाने कुठून तरी एक शेर शोधून आणला होता. एकाने तर चिठ्ठीवर लिहून आणला होता आणि 'मर्ग' या शब्दाला अडखळला.

त्यांचा हेतू वाईट नव्हता. आदरच होता. पण हा आदर आम्हाला बोचतो. कारण त्याचा अर्थ असा होतो की तुम्ही तीस वर्षे आमच्याबरोबर मराठी शिकवलीत ते ठीक, पण आता तुम्ही तुमच्या भाषेत परत गेलात. कोणती 'तुमची' भाषा? जिची अलिफ-बे मरहुमांना येत होती, पण जिच्यात त्यांनी कधी एक पत्र लिहिले नाही ती? मौलवीसाहेब आम्हाला मराठीपासून तोडतात असे आम्ही नेहमी म्हणतो. मराठीचे प्राध्यापक तेच काम शेर म्हणून करतात, याकडे आमचे लक्ष जात नाही.

मराठी वर्तमानपत्रांनी आमच्यासाठी एक शब्द घडवला आहे, 'पैगंबरवासी'. वैकुंठवासी, कैलासवासी यांच्या साच्यात ओतलेला. उलेमांना तो पटणार नाही आणि त्यांचे चूक नाही. पैगंबर हे काही राहण्याचे ठिकाण नव्हे. पण आम्हाला त्या शब्दाची थोडी मायाच वाटते. कुणा उपसंपादकाला रात्री अकरा वाजता मुसलमानाच्या निधनाची बातमी लावायची होती, त्याने भाषेत जागा शोधली, सापडली नाही, म्हणून केली. शब्द चुकला असेल, प्रयत्न चुकला नाही. शोकसभेतल्या चार शिक्षकांनी तेवढाही प्रयत्न केला नाही.

आता मौलवीसाहेबांचा आक्षेप. मय्यतीत शायरी कशाला? बिदअत आहे. आम्ही अदबीने सांगतो की जनाज्याच्या नमाजला आम्ही हात लावत नाही. चार तकबीर, ना रुकू ना सजदा, उभ्याउभ्या केलेली दुआ. इतका साधा आणि इतका पुरेसा निरोप दुसऱ्या कुठल्या धर्मात असेल तर आम्हाला माहीत नाही. तीन मुठी माती देताना कुणाला कविता सुचत असेल तर त्याने गप्प बसावे. कवितेची जागा त्यानंतरची आहे. जियारतीच्या दिवशी कुरआनखानी झाल्यावर माणसे तशीच बसून राहतात आणि काय बोलावे ते कुणाला सुचत नाही, ती जागा. चाळिसाव्याची संध्याकाळ. शोकसभा. स्मरणिकेचे पहिले पान.

आणि शायरी मुळातच निषिद्ध असती तर हस्सान बिन साबित यांच्यासाठी मशिदीत मिंबर ठेवला गेला नसता. सूरह शुअराच्या शेवटी कवींवर टीका आहे हे खरे, पण ईमानवाल्यांचा अपवादही तिथेच, त्याच दमात आहे. वाचताना तिथपर्यंत जायला हवे. खन्सा ही अरबस्तानची मोठी शोककवयित्री. तिने आपल्या भावावर, सख्रवर, केलेली काव्ये आजही अरबी शिकणाऱ्याला वाचावी लागतात. ती इस्लाममध्ये आली, तेव्हा तिची कविता कुणी जाळली नाही. मनाई आहे ती छाती पिटून, कपडे फाडून आकांत करण्याला. त्याबद्दल आमचे दुमत नाही.

उलट हदीसमध्ये आमच्या बाजूचा मोठा पुरावा आहे आणि तो या उसन्या शेरांच्या विरुद्ध जातो. हुजूर सल्लल्लाहु अलैहि वसल्लम यांचा तान्हा मुलगा इब्राहीम गेला, तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. डोळे रडतात, मन दुखते, पण अल्लाहला नापसंत असे काही आम्ही बोलणार नाही, अशा अर्थाचे ते बोलले. त्याच दिवशी सूर्यग्रहण लागले. लोक म्हणू लागले की इब्राहीमच्या मृत्यूने सूर्य काळवंडला. तेव्हा त्यांनी लोकांना सांगितले की सूर्यचंद्राला कुणाच्या मरणाने वा जगण्याने ग्रहण लागत नाही. विचार करा. स्वतःच्या मुलाच्या मृत्यूवर दुनियाभरच्या दुःखाचे छत्र आयते मिळत असताना ते त्यांनी नाकारले. अश्रू ठेवले आणि अतिशयोक्ती काढून टाकली. आणि आम्ही काय करतो? तालुका खरेदी-विक्री संघाचे माजी संचालक गेले तर सगळे शहर वैराण झाले, ऋतू बदलले, बाग उजाड झाली असे शेर म्हणतो. बाहेर बाजार भरलेला असतो, रिक्षा चालू असतात. बिदअत शोधायची असेल तर ती इथे शोधा.

तेव्हा मराठी कविता वाचावी, हे कबूल झाले असे धरू. पण कोणती? इथे खरी अडचण आहे आणि आमच्या काही उत्साही मित्रांना ती दिसत नाही. मराठी शोककवितेचे सगळे सामान हिंदू अंत्यसंस्काराचे आहे. चिता, सरण, राख, अस्थी, गंगा, पिंडाला शिवणारा कावळा, पुन्हा जन्म घेणे. सुरेश भटांची सरणाची गझल घरोघरी माहीत आहे, गझल म्हणून ती उत्तम आहे, पण आपला माणूस सरणावर गेलेला नाही. तो मातीत गेला आहे, किब्ल्याकडे तोंड करून. एका मरहूम पोस्टमनच्या चाळिसाव्याला एका तरुण कवीने मोठ्या तन्मयतेने चितेवरची कविता म्हटली आणि पहिल्या रांगेत बसलेला मरहुमाचा थोरला भाऊ उठून बाहेर गेला. कवीला वाटले, भावनावेग. आम्हाला वाटते, तो चिडला होता, आणि त्याचे बरोबर होते. ३० मार्च २०२० रोजी मुंबई महापालिकेने कोरोनाने मेलेल्या सर्वांचे दहनच होईल असा आदेश काढला होता आणि काही तासांतच तो मागे घ्यावा लागला. त्या काही तासांत आमच्या वस्त्यांत काय धास्ती पसरली होती ते आठवा. दफन हा आमच्यासाठी रूपकाचा विषय नाही.

म्हणून निवड जपून हवी. बहिणाबाई चौधरींची कविता चालते, आम्ही ती दोन ठिकाणी वाचून पाहिली. १९५२ साली ती प्रथम पुस्तकरूपाने आली; बाई आदल्याच वर्षी गेल्या होत्या. श्वासाच्या येण्या-जाण्यात जन्ममरणाचा हिशेब मांडणारी तिची ओळ कुठल्याच धर्माच्या स्मशानाशी बांधलेली नाही. शेतकऱ्याच्या घरी ती वाचली तर म्हातारे माना डोलावतात. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांचे अभंग आहेत. हा माणूस मुसलमान, 'योगसंग्राम'चा कर्ता, त्याचा दर्गा तिथे आजही आहे. पण त्यांची भाषा कठीण आहे, अवघड शब्द समजावून द्यावे लागतात आणि शोकसभेत टीपा देत बसणे बरे नव्हे. एखादा सोपा अभंग निवडून, आधी दोनदा मोठ्याने वाचून, मगच न्यावा. अमर शेख आहेत. बार्शीचा हा शाहीर १९६९ मध्ये अपघातात गेला. त्याची कविता गिरणी कामगाराच्या, चळवळीतल्या कार्यकर्त्याच्या आठवणीला शोभेल. मात्र मरहूम आयुष्यभर सावकारी करत असतील तर अमर शेखांना त्रास देऊ नये.

ही सगळी झाली तात्पुरती सोय. परक्याच्या शेराऐवजी जवळच्याची कविता उसनी आणली, इतकेच. खरी गोष्ट ही आहे की आमची शोककविता आम्हालाच लिहावी लागणार आहे. १९९० साली सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. तेव्हापासून आम्ही कथा लिहिल्या, आत्मकथने लिहिली, दंगलींवर कविता लिहिल्या. मुंबईच्या १९९२-९३ वर लिहिले, २००२ वर लिहिले. समूहाच्या मृत्यूवर आम्ही पुष्कळ लिहिले आहे. पण अब्बा दम्याने गेले, मोठी आपा बाळंतपणात गेली, शेजारचे चाचा उन्हाळ्यात वाळवणे राखता राखता खुर्चीतच गेले, त्यांच्यावर आमच्याकडे चार कडवी नाहीत. गुसलच्या पाण्यात टाकलेली बोरीची पाने, कापराचा वास, कफनाचे न शिवलेले कापड, जनाज्याला खांदा द्यायला धावत येणारी अनोळखी माणसे, कब्रीवर फळ्या रचताना आतून येणारा ओल्या मातीचा गारवा. मराठी कवितेत यातले काहीही आलेले नाही, किंवा आले असेल तर इतके थोडे की शोकसभेला उपयोगी पडत नाही. एवढे मोठे रान आमच्यासाठी मोकळे पडले आहे आणि आम्ही दुसऱ्याच्या बागेत नरगिस तोडत बसलो आहोत.

आणि ही कविता कुठून येईल, तेही आम्ही सांगतो. शायरांकडून येणार नाही. आपल्या बायका रडतात ते एकदा नीट ऐका. हेल काढून रडणे म्हणजे नुसता आवाज नसतो. त्यात हकीकत असते. मरहुमाने कोणत्या साली विहीर खोदली, कोणाच्या लग्नात कर्ज काढले, दवाखान्यातून येताना कोणासाठी मोसंबी आणली, ते सगळे त्या सुरात सांगितले जाते. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी महाराष्ट्रातल्या बायकांच्या जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. जात्यावर आमच्या दाद्या-नान्याही बसत होत्या. अमर शेखांना ओवीचा वारसा आईकडूनच आला असे सांगतात. मग आपल्या दादीची ओवी कुणी लिहून का घेतली नाही?

कारण शोकाच्या जाहीर जागांत बाईला जागाच नाही. कब्रस्तानात ती जात नाही. शोकसभा पुरुषांची असते, शादीखान्यात किंवा नगरवाचनालयात. आणि मरहुमाची बायको? ती चार महिने दहा दिवस इद्दतमध्ये घरात. ज्या माणसाबद्दल अकरा वक्ते बोलतात, त्याला सगळ्यांत जास्त ओळखणारी एकटी बाई तिथे नसते, आणि कुणी येऊन तिला सांगतही नाही की काय बोलले गेले. सांगून तरी काय सांगणार? नरगिस? त्या मराठीच्या गुरुजींच्या बेगमसाहेबांना त्यांच्या नातीने सभेचे रेकॉर्डिंग मोबाईलवर ऐकवले. ऐकून झाल्यावर त्या एवढेच म्हणाल्या, "बेटा, ये किसके बारे में बोल रहे?"

यावर आमची सूचना अशी की, जी कविता वाचायची ती आधी घरात वाचली जावी. निवड घरातल्या बाईने करावी किंवा तिच्या संमतीने व्हावी. कविता एकच असावी, पाच नकोत. ती वाचणाऱ्याने पाठ नसेल तर कागद हातात घ्यावा, त्यात कमीपणा नाही. शायराच्या आवाजात म्हणू नये, आपल्या आवाजात वाचावी. आणि कविता सापडली नाही तर मरहुमाचे एखादे पत्र वाचावे, त्याच्या वहीतला हिशेब वाचावा. कोरोनाच्या दिवसांत शोकसभा बंद होत्या तेव्हा मोबाईलवर मेणबत्तीची आणि दुआची तीच ती चित्रे शेकड्यांनी फिरत होती. त्या गर्दीत कोकणातल्या एका मुलीने आपल्या नानीवर आपल्या बोलीत सहा ओळी लिहून पाठवल्या होत्या. नानी सुके बोंबील कसे निवडायची, एवढेच त्यात होते. मेणबत्त्यांची चित्रे आम्ही केव्हाच पुसून टाकली. त्या सहा ओळी अजून ठेवल्या आहेत.

वार्षिकाच्या संपादकांना आमची विनंती आहे. पुढच्या अंकापासून चार पाने राखून ठेवा. त्यांत फक्त अशा कविता घ्या ज्या कुणा एका गेलेल्या माणसासाठी लिहिल्या आहेत. त्याचे नाव, गाव आणि धंदा वर छापावा. तालुक्याबाहेर ज्याला कुणी ओळखत नव्हते, अशी माणसे आधी घ्यावीत. मराठीत, दखनीत, कोकणीत, ज्यात घरचे बोलतात त्यात. छंद चुकला तरी चालेल. नरगिस आढळल्यास साभार परत.